धायरीचा तुकडा

“चपला काढा आणि आत या,” असं म्हणून बाई स्वतः आधी चपला काढत. समोर तालुक्याचे साहेब असोत, सरपंच असोत नाहीतर एखाद्या नगरपालिकेचे अध्यक्ष, बाईंच्या बैठकीत सगळ्यांची पादत्राणं दाराबाहेर. मग काखेतली छोटी गुंडाळी सोडवून त्या ती जमिनीवर पसरत. पायपुसण्यापेक्षा जरा मोठा, फ्लेक्सवर छापलेला नकाशाचा तुकडा. त्यावर अनवाणी उभ्या राहत, ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेशी गाठ मारत आणि म्हणत, “मी इथे राहते. धायरी. ओढ्यात.”

लोक हसत. बाई हसत नसत.

“ओढ्याकाठी नाही हं, ओढ्यात. आता तुम्ही सांगा, तुम्ही कुठे राहता?”

तुमच्यापैकी ज्यांनी सरकारी बैठका पाहिल्या असतील त्यांना हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडची बैठक कशी, तर लांबलचक टेबल, त्यावर पाण्याच्या छोट्या बाटल्या, सुरुवातीला पुष्पगुच्छ, मग अंधार करून पडद्यावर आलेख. अंधार झाला की निम्मी मंडळी मोबाइल काढतात आणि उरलेली डोळे मिटून विचार करतात. आम्हीही अशा कितीतरी बैठका केल्या. आमचं ऑफिस म्हणजे पुण्यातल्या एका जुन्या इमारतीतल्या वरच्या दोन खोल्या. काम असं की, गावं आणि नगरपालिका चालवणाऱ्या माणसांना पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा अंदाज द्यायचा. पाऊस कसा बदलतोय, शेतं जाऊन तिथे काय येतंय, आणि हे दोन्ही एकत्र झालं की गावाचं काय होईल, ते नकाशावर दाखवायचं. पुढे कुठे काय बांधायचं ते त्यांनी ठरवायचं. नकाशे संगणकावर जुळवणं माझ्याकडे होतं, आणि ते माणसांच्या गळी उतरवणं बाईंकडे. सोपं काम कोणाच्या वाट्याला आलं होतं हे मला फार उशिरा कळलं, असं बाई म्हणायच्या. मला ते पहिल्यापासूनच माहीत होतं, पण बोललो नाही.

पडद्यावरचा नकाशा कोणी बघत नाही म्हटल्यावर बाईंनी तो जमिनीवर आणला. वाढदिवसाचे फलक छापणाऱ्या एका दुकानदाराला गाठून त्यांनी अख्खं गाव फ्लेक्सवर छापून घेतलं, खोलीभर पसरेल एवढं. पहिल्या वेळी त्या गृहस्थाने सवयीने नकाशाच्या तळाशी ठळक अक्षरांत ‘शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ’ असं छापून दिलं. मी परत छापायला देऊ म्हणालो. बाईंनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाल्या, “राहू द्या. नकाशाला शुभेच्छांची गरज आहेच.”

ती गुंडाळी स्कूटरवर आडवी धरून न्यायचं काम अर्थातच माझं. नगर रस्त्यावर मागच्या रिक्षावाल्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

पण जमिनीवरच्या नकाशाची जादू खरी होती. माणसं आधी बिचकत कडेला उभी राहत, मग कोणीतरी ओणवं होऊन आपलं घर शोधे. “ही टाकी, हे मारुतीचं देऊळ, मग हे आमचं.” घर सापडलं की माणूस खुलतो. दहा मिनिटांत सगळे आपापल्या घरावर उभे राहून एकमेकांशी बोलू लागत आणि बाई मध्ये उभ्या राहून ऐकत.

अडचण एकच होती. माणसं घरावर उभी राहत, पण पाण्यात उभं राहायलाही त्यांना काही वाटत नसे. पूर कुठवर येईल ते मी नकाशात छान निळं छापलेलं असे. त्या निळ्यावर पाय रोवून लोक बिनदिक्कत सांगत, “इथे आपण मार्केट काढतोय.”

यावरचा उपाय बाईंना सापडला तो एका नगरपालिकेच्या दारात. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सभागृहाच्या उंबऱ्यासमोर तिथल्या कर्मचारी बायकांनी मोठी रांगोळी काढली होती. बैठकीची वेळ झाली तरी बाई आत यायला तयार नाहीत. दाराजवळ उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत होत्या. अध्यक्ष आले, ते घाईत होते, तरी अंग चोरून कडेने गेले. मुख्याधिकारी फोनवर बोलत आले, त्यांनी न बघताच लांब ढांग टाकली. चहावाला दोन्ही हातांत किटल्या घेऊन आला, तोही वळसा घालून गेला.

“अहो महाशय, बघितलंत?” बाई मला म्हणाल्या. “पूररेषेवर हे सगळे इमारती ठेवतात आणि रांगोळीवर पाय ठेवायची एकाची छाती नाही.”

त्या आठवड्यात आम्ही मंडईच्या बाजूला जाऊन निळी रांगोळी आणली. एकदम मोठी पिशवी घेतली तेव्हा दुकानदाराने लग्नकार्य आहे का म्हणून विचारलं. “हो,” बाई म्हणाल्या, “पण नवरा-नवरीला अजून कल्पना नाही.”

मंडईचा परिसर बाईंचं माहेर. मागच्या गल्लीत त्यांच्या वडिलांचं तराजू दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. अर्ध्या मंडईचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. बाई शाळेतून येऊन त्या दुकानात अभ्यासाला बसत, आणि रांगोळी शिकल्या त्या शेजारच्या काकूंकडून. काकूंच्या अंगणात रोजचा सडा-रांगोळी, आणि ईदच्या दिवशी शिरखुर्मा घेऊन जाताना त्यांच्या रांगोळीला पाय लागू नये म्हणून भांडं डोक्यावर धरून कशी कसरत करावी लागे, ते बाई रंगवून सांगत. मराठी त्यांचं असं की ळ आणि ण यांच्यावर बोट ठेवायला जागा नाही. एकदा एक साहेब कौतुकाने म्हणाले, “मॅडम, आडनावावरून वाटत नाही, पण तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!”

“धन्यवाद,” बाई म्हणाल्या. “तुमचंही सुधारेल.”

अशा माणसाकडे लोक गोड बोलून काम काढायला येत, हेच मला नवल वाटायचं. नकाशात शेती हिरवी असते आणि राहायची जागा पिवळी. पिवळ्याचा भाव चढा. त्यामुळे प्रत्येक गावात कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारणारच, “मॅडम, आमचं तेवढं पिवळं होतंय का बघा की.”

“हळद लावून बघा,” बाई म्हणत आणि पुढे जात.

वडिलांचं एक वाक्य मात्र त्यांनी कामाला बांधून घेतलं होतं. काट्याने बाजू घ्यायची नाही. माल किती आहे तेवढं सांगायचं, घ्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल. त्यामुळे “मग आम्ही काय करावं?” असं कोणी विचारलं की बाईंचं उत्तर ठरलेलं असे, “मी तुमच्या जागी नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.”

मी एकदा त्यांना डिवचलं होतं. म्हटलं, रांगोळी काढून पाय मागे घ्यायला लावणं म्हणजे बाजू घेणं नाही का? बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, “पाणी जिथवर येईल असं आपलं गणित सांगतं, तिथवरच मी काढते. एक चिमूटही पुढे नाही.” आणि खरोखरच नाही. एका गावात जुनी आमराई तोडायचं घाटत होतं. तिथले एक भले शिक्षक बाईंना म्हणाले, निळी रांगोळी जरा आमराईपर्यंत ओढा, झाडं वाचतील. झाडं वाचावीत असं बाईंनाही वाटत होतं. तरी त्यांनी ओढली नाही. “उद्या तिथे पाणी आलं नाही, तर पुढच्या वेळी माझ्या रांगोळीपुढे कोण थांबेल?” आमराईसाठी त्यांनी वेगळं भांडण केलं, झाडं गेली तर उन्हाळ्यात गाव किती तापेल त्याचे नकाशे नेऊन, पण रांगोळी जिथे होती तिथेच राहिली.

आणि धायरीचा तुकडा? तो सगळीकडे बरोबर असायचा. गाव कुठलंही असो, त्याच मापात छापलेली धायरीतली आपली गल्ली बाई दाराशी पसरणार आणि आधी स्वतः उभ्या राहणार. त्यांच्या तळमजल्याच्या घराला कुलूप होतं आणि त्या स्वतः त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होत्या, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तळमजला विकायला काढलेला होता, पण विकला जात नव्हता. कारण गिऱ्हाईक आलं की बाई घर दाखवण्याआधी त्याला मागच्या बाजूला नेऊन ओढा दाखवत. “हा बघा. स्वयंपाकघर मग बघू.” एजंटांनी त्यांचं नाव टाकलं होतं. ऑफिसात आम्ही यावर बरेच हसलो आहोत, आणि त्यांनी हसू दिलं.

आता त्या गावाची गोष्ट सांगतो. वाघोलीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. तुम्ही त्या बाजूला अलीकडे गेला असाल तर ओळखाल. एका हाताला बाजरी, दुसऱ्या हाताला पत्र्याची गोदामं, मध्येच ‘स्वप्नातलं घर’ म्हणून कमान आणि कमानीमागे नुसते चुन्याने आखलेले प्लॉट. गाव भराभर वाढलेलं आणि शाळा होती तेवढीच. मुलं दोन पाळ्यांत येत, दोन वर्ग देवळाच्या मंडपात भरत.

तिथल्या सरपंचताईंनी निवडणुकीत एकच शब्द दिला होता, शाळा बांधीन. ताई कडक, बोलायला फटकळ. पैसे मंजूर करून आणले, ओढ्याजवळची मोकळी गावजमीन ठरवली, नारळ फोडायचा तेवढा बाकी होता. गावात दुसरी मोकळी जागा म्हणजे वरचा माळ. पण माळावर रस्त्याला लागून पंचायत दुकानांचे गाळे काढणार होती, आणि ते गाळे कोणाकोणाला द्यायचे हेही गावात तोंडी ठरून गेलं होतं. कोपऱ्याच्या गाळ्याला तर ताईंच्या दिराने मनातल्या मनात रंगही देऊन टाकला होता. ज्यांनी ताईंना निवडून आणलं त्यांचेच ते गाळे.

तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं म्हणून आमची बैठक लागली. गावच्या मंगल कार्यालयात मी फ्लेक्स पसरला. बाईंनी दाराशी धायरी अंथरली, “ओढ्यात” म्हणाल्या, लोक हसले. मग सगळे आपापल्या घरावर जाऊन उभे राहिले. दीर आपल्या घरावर उभे राहायचं सोडून थेट माळाच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. बाईंनी ते पाहिलं.

रांगोळीची पिशवी घेऊन त्या खाली बसल्या. ओढ्याची एक बारीक निळी रेघ काढली. “हा आजचा ओढा.” मग बोलत बोलत चिमटीने एकेक रेघ वाढवू लागल्या. “या शेतांवर गोदामं आली. पूर्वी इथलं पाणी जमिनीत जिरायचं, आता पत्र्यावरून थेट खाली येतं. या बाजूला प्लॉट पडलेत, रस्ते होतील, ते पाणीही ओढ्यातच. आणि पाऊस पूर्वी दिवसभर रिपरिप करायचा. आता चार दिवस गडप होतो आणि एका तासात सगळं ओतून मोकळा होतो.” निळं रुंद होत चाललं. बाईंचा हात गावजमिनीवरून गेला आणि तिच्या पलीकडच्या बांधाशी थांबला.

“ताई, शाळा कुठे बांधताय? जरा तिथे उभ्या राहून दाखवता?”

सरपंचताई आल्या. पाऊल उचललं आणि ते तसंच राहिलं. मागे घेतलं. दुसऱ्या बाजूने जाऊन बघितलं, तिकडूनही सगळं निळं.

“कुठं ठिवू पाय?” त्या म्हणाल्या.

“आवो वैनी, रांगोळीच तर हाय. ठिवा की,” माळावरून दीर म्हणाले.

“तुमी ठिवता का?”

दिरांनी पायाखालचा माळ काही सोडला नाही. सगळं गाव आपापल्या घरावर उभं राहून बघत होतं. ताईंचा चेहरा उतरला होता. शाळा इथे नाही म्हणावं तर दिलेला शब्द गेला, माळावर म्हणावं तर आपलीच माणसं गेली. त्या बाईंकडे वळल्या.

“म्याडम, आता खरं सांगा. तुमी माज्या जागी आसता तर काय केलं आसतं?”

मी मनात उत्तर म्हणूनही टाकलं होतं. पण बाई ते बोलल्या नाहीत. उठल्या, हात झटकले, दाराशी गेल्या आणि धायरीच्या तुकड्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. माझ्या जागी होते तेव्हा काय केलं ते सांगते,” त्या म्हणाल्या. “हे घर घेतलं तेव्हा मी हेच काम करत होते. नकाशा मला वाचता येत होता. ओढा त्यात दिसत होता. पण अब्बांना जिना चढवत नव्हता, तळमजला मिळत होता आणि भाव आमच्या आवाक्यातला होता. मी म्हटलं, इतक्या वर्षांत काही झालं नाही, आता काय व्हायचंय? हे वाक्य मी तुमच्यासारख्यांच्या तोंडून रोज ऐकते. त्या दिवशी माझ्या तोंडून ऐकलं.”

बाईंनी ओढणीची गाठ पुन्हा आवळली.

“एका संध्याकाळी पाणी आलं. मी ऑफिसात होते. अब्बा खाटेवर बसले होते. पाणी खाटेला लागलं तेव्हा शेजारच्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट वर नेलं. वाचले. मी वरच्या मजल्यावर घर घेतलं भाड्याने, त्यांना तिथे ठेवलं. पण नंतर पाऊस सुरू झाला की ते आडवे व्हायचे नाहीत. पाय खाली सोडून बसायचे आणि मला विचारायचे, ‘पानी आया क्या, बेटा?’ वरच्या मजल्यावर. शेवटपर्यंत.”

मग त्या म्हणाल्या, “माझ्या घरात एक म्हातारा माणूस होता. तुमच्या शाळेत पोरं असतील. तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही.”

आम्ही ऑफिसातलेही हे पहिल्यांदाच ऐकत होतो. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी रांगोळीची पिशवी बांधत बसलो.

सरपंचताईंनी पाणी मागितलं, प्यायल्या. मग साडी जरा वर धरून निळ्याच्या कडेकडेने चालत माळावर गेल्या. कोपऱ्यावर दीर उभे होते. त्या त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. दिरांना बाजूला व्हावं लागलं.

“शाळा हितं,” ताई म्हणाल्या.

“आन् गाळे?”

“गाळ्यांचं बगू.”

“बगू म्हंजी?”

“बगू म्हंजी न्हाई.”

पुढची निवडणूक ताई हरल्या. हरणारच होत्या, ते त्यांनाही त्या दिवशी माळावर उभ्या राहताना ठाऊक होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या, आणि काय घेऊन, तर पेढ्यांचा पुडा. मला रस्ताभर धास्ती. दारात दीरच बसलेले. ताई बाहेर आल्या, पेढे बघून म्हणाल्या, “आवो म्याडम, मी पडले इलेक्शनात. तुमाला कुनी उलटं सांगितलं का काय?”

“माहीत आहे. पेढे शाळेचे आहेत,” बाई म्हणाल्या. “स्लॅब पडला ना काल?”

ताई आधी हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावून आत चहा टाकायला गेल्या. दिरांनीही एक पेढा घेतला. दुसराही घेतला.

शाळा भरू लागल्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. ओढा गावजमिनीवर चढला आणि बांधापर्यंत जाऊन थांबला. मुलं माळावरच्या खिडक्यांतून बघत होती. मास्तरांनी त्यांना गप्प बसवायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच खिडकीशी जाऊन उभे राहिले. हे सगळं ताईंनी फोनवर बाईंना सांगितलं. बाईंचा पहिला प्रश्न, “पोरं कोरडी आहेत ना?” आणि दुसरा, “बांधाच्या कुठवर आलं? नीट सांगा.” फोन ठेवून त्या माझ्या टेबलाशी आल्या. चष्मा पुसला, चहा मागवला आणि एरवी अर्ध्या कपावर भागवणाऱ्या बाईंनी पूर्ण कप घेतला. गोदामाच्या बाजूला मात्र पाणी, नकाशावर मोजलं तर, रांगोळीच्या हातभर अलीकडेच थांबलं होतं. त्याची त्यांना पुढे आठवडाभर रुखरुख लागून राहिली आणि मला ते गणित पुन्हा करावं लागलं.

मी फार मोठमोठी ऑफिसं पाहिली नाहीत. पण त्या दिवशी आमच्या त्या गळक्या खिडक्यांच्या दोन खोल्यांत बसल्या बसल्या माझा ऊर भरून आला होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एक शाळाभर मुलं कोरडी होती आणि त्यात माझ्याही स्कूटरचा थोडा हात होता.

बाईंचं आजारपण लांबलं नाही. दवाखान्यात भेटायला गेलो तर खिडकीकडे मान वळवून म्हणाल्या, “चौथा मजला. जागा बरी निवडलीय ना?” मी हसलो नाही म्हणून रागावल्या. मग मला बसवून घेतलं आणि रांगोळी सोडताना अंगठा कसा सरकवायचा ते हातानेच दाखवलं. माझी चिमूट सुटत नाही, एकदम गठ्ठा पडतो, ही त्यांची जुनी तक्रार होती. “नकाशे उत्तम करता हो तुम्ही. पण तुमचा ओढा सांडल्यासारखा दिसतो.” त्यानंतर त्यांची-माझी भेट झाली नाही.

त्यांच्या माघारी पहिली मोठी बैठक लागली ती याच गावात, माळावरच्या शाळेच्या सभागृहात. आजूबाजूच्या चार गावांचे सरपंच येणार होते. आता त्यांच्याकडे शेतं जाऊन गोदामं येऊ लागली होती, आणि त्यांनी स्वतः होऊन बोलावलं होतं. त्या शाळेमुळे बोलावलं होतं. मी गुंडाळी घेऊन गेलो. पिशवीत निळी रांगोळी होती, आणि धायरीचा तुकडाही होता. तो आणायचा की नाही यावर मी घरी बराच घुटमळलो होतो. आणला, पण पिशवीतच ठेवला. मी काही धायरीत राहत नाही. तो अंथरून मी काय म्हणणार?

“चपला काढा आणि आत या,” मी म्हणालो. आवाज काही बाईंसारखा लागला नाही. तरी सगळ्यांनी चपला काढल्या.

सरपंचताई आल्या होत्या. आता सरपंच नव्हत्या, पण गावात अजून त्यांना त्याच नावाने हाक मारतात. मी पहिल्या गावाचा ओढा काढायला बसलो आणि नेहमीप्रमाणे गठ्ठा पडला. ताईंनी माझ्या हातातून पिशवी घेतली, खाली बसल्या आणि मी सांगेन तशी निळी रेघ वाढवत नेली. गणित माझं, चिमूट त्यांची. पलीकडच्या गावचे एक सरपंच निळ्यासमोर येऊन थबकले आणि त्यांनी पाय मागे घेतला, तेव्हा ताईंनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

मग त्या कमरेवर हात ठेवून उठल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, “धायरी कुठाय?”

मी पिशवीतून तुकडा काढून दिला. ताईंनी तो दाराशी, बाई अंथरायच्या तिथेच, नीट सरळ अंथरला. वर्गात जाऊन पांढरी रांगोळी घेऊन आल्या आणि तुकड्याच्या चारी बाजूंनी महिरप काढू लागल्या, सणाला मानाच्या पाहुण्याच्या पाटाभोवती काढतात तशी. सगळे आपापल्या घरावर उभे राहून बघत होते. शेवटची चिमूट सोडून त्यांनी हात झटकले.

“आन् म्याडम हितं,” त्या म्हणाल्या.

बैठक संध्याकाळपर्यंत चालली. माणसं चहाला बाहेर गेली, आत आली, फोन घ्यायला पुन्हा बाहेर गेली. दार तेवढं एकच होतं. प्रत्येक जण अंग चोरून कडेने जात होता. शेवटी मी फ्लेक्स गुंडाळायला घेतला तशी निळी रांगोळी घसरून सगळीकडे पसरली. दाराशी ती पांढरी महिरप होती तशी होती.